कार्बोरेटरचा हीटर बदलण्याआधी

दिवाळी सरली आणि बालाघाटावरचा पहाटेचा गारठा वाढला, की जुन्या मोटारसायकलींची कुरकुर सुरू होते. किक मारून मारून पाय भरून येतो. गाडी एकदाची सुरू झालीच, तर बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून मांजरसुंब्याकडे जाताना मध्येच आचके देऊन बंद पडते, आणि पाच मिनिटं उभी केली की काही झालंच नव्हतं अशी पळते. मग कोणीतरी मोबाइलवर पाहिलेलं सांगतं, ‘कार्बोरेटरचा हीटर गेला असणार.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘कार्बोरेटरच बदलून टाका.’ एक सल्ला नसलेल्या वस्तूवर खर्च करायला लावणारा, तर दुसरा बहुतेक वेळा गरज नसलेल्या वस्तूवर.

तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतर बनलेली, म्हणजे भारत स्टेज ६ ची असेल, तर तिला बहुधा कार्बोरेटरच नाही, इंजेक्शन आहे. हा लेख त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे.

तुमच्या गाडीला हीटर आहे तरी का?

स्प्लेंडर, सीडी १००, पॅशन, बॉक्सर या आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांना कार्बोरेटरचा हीटर नसतो, त्यामुळे तो बिघडण्याचा प्रश्नच येत नाही. गारठ्यात सुरू होण्यासाठी त्यांना दिलेली सोय म्हणजे चोक. तरीही ‘हीटर’ या नावाखाली गॅरेजात तीन वेगवेगळ्या वस्तू खपवल्या जातात. तुमची कोणती, ते आधी ठरवा.

- साधा चोक : कार्बोरेटरवरची किंवा हँडलवरची दांडी. वीज नाही, तार नाही. बिघाड झालाच तर दांडी अडकणं, केबल तुटणं किंवा झडप पूर्ण न मिटणं, एवढाच.
- ऑटो-चोक : दांडी नसलेल्या काही स्कूटर आणि काही मोटारसायकलींना असतो. कार्बोरेटरच्या अंगाला बसवलेली छोटी गोल डबी आणि तिला जाणाऱ्या दोन तारा. आत मेण आणि ते तापवणारा विजेचा घटक असतो. मेण तापलं की फुगतं, पिनेला पुढे ढकलतं आणि जास्तीच्या पेट्रोलची वाट बंद होते. इथे हीटर खरंच आहे, पण तो चोक बंद करण्यासाठी. कार्बोरेटर गरम ठेवण्यासाठी नाही.
- खरा कार्बोरेटर हीटर : ब्रिटन-युरोपच्या थंड, दमट हवेसाठी विकलेल्या यामाहा, सुझुकी, ट्रायम्फच्या काही जुन्या मॉडेलना असतो. विजेवरचा असेल तर कार्बोरेटरच्या अंगात स्क्रूसारखा बसलेला असतो. पाण्यानं थंड होणाऱ्या काही इंजिनांत गरम पाण्याची बारीक नळी कार्बोरेटरला फिरवलेली असते. पाटोद्यात अशी गाडी दिसलीच, तर ती पुण्या-मुंबईच्या एखाद्या हौशी माणसाकडून सेकंडहँड आलेली असणार.

बर्फाची गोष्ट कितपत खरी?

खरी आहे, पण आपल्याकडे क्वचित. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली जातं. हवेत दमटपणा असेल तर तो तिथेच गोठतो. वैमानिकांना शिकवतात, की बाहेर २१ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमान आणि ८० टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रता असेल तर जपा. म्हणून सेसना १५२ सारख्या शिकाऊ विमानात कार्बोरेटर तापवण्यासाठी वेगळं बटण असतं. आपल्याकडे दवाच्या पहाटे हवा या हद्दीत येते. पण शंभर सीसीच्या गाडीचा कार्बोरेटर तापलेल्या सिलिंडरला खेटून असतो आणि तासाभरात ऊन वर येतं. बर्फाचा संशय घ्या, पण सगळ्यात शेवटी.

चालता चालता बंद पडते : तीन बिघाड, एकच लक्षण

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. गाडी सुरळीत सुरू होते, दहा-पंधरा मिनिटांनी दम टाकते, थोडी विश्रांती दिली की पुन्हा पळते. हे लक्षण बर्फाचं असू शकतं, टाकीच्या झाकणाचं असू शकतं आणि इग्निशन कॉइलचंही. घरी पोचल्यावर तिन्ही पुरावे गेलेले असतात, म्हणून तपासणी गाडी बंद पडल्या जागी, रस्त्याच्या कडेला घेऊनच करावी लागते. क्रम बदलू नका.

१. आधी टाकीचं झाकण उघडा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं. धुळीनं ते बुजलं की टाकीत हवेची पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताच ‘सुस्स’ आवाज आला आणि एक-दोन किकांत गाडी सुरू झाली, तर दोष झाकणाचा. बारीक तार आणि हवेच्या दाबानं भोक साफ करून घ्या. खर्च जवळपास शून्य. आपल्याकडच्या धुळीत हा दोष जितका आढळतो, तितका तो कोणी शोधत नाही.

२. मग ठिणगी पाहा. प्लग काढा, कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या उघड्या भोकापासून तो लांब धरा. कुठे पेट्रोल गळत असेल, तर ही तपासणी करूच नका. निळी, ठसठशीत ठिणगी पडली तर ठीक. तापल्यावर ठिणगीच येत नसेल आणि थंड झाल्यावर येत असेल, तर कॉइल, सीडीआय किंवा पिकअप कॉइल तपासायला सांगा. कार्बोरेटरला हात लावू देऊ नका.

३. मग बाऊलमधलं पेट्रोल. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल केल्यावर धार आली पाहिजे. नाही आली तर कॉक, त्याची जाळी किंवा फ्लोटची पिन अडकली आहे.

४. शेवटी कार्बोरेटरला हात लावा. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवा दमट आहे आणि कार्बोरेटरचा गळा बर्फासारखा गार, वर दवाचे थेंब साचलेला लागतोय, तर आत गोठलं असण्याची शक्यता धरा. चावी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. इंजिनाची धग आपोआप चढते आणि काम होतं.

घाई असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं बाहेरून गुंडाळा. पेटता बोळा, स्टोव्ह किंवा शेकोटीजवळ गाडी नेणं, हे प्रकार थंडीत सर्रास दिसतात. टाकीत पेट्रोल असताना त्यात हात-तोंड भाजण्याचाच संभव जास्त. इंजिनासमोर पुठ्ठा बांधून वारा अडवणंही नको. हवेनं थंड होणारं इंजिन दुपारी त्याच पुठ्ठ्यामुळे तापून बसेल.

सकाळी सुरूच होत नाही, तेव्हा

चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर अजिबात पिळू नका, चावी बंद ठेवून दोन-तीन सावकाश किक मारा, मग चावी लावून जोरात किक. सुरू झाल्यावर अर्ध्या-एक मिनिटात चोक परत करा. पुष्कळ जण उलट करतात : चोकही ओढतात आणि हातही पिळतात. मग पेट्रोलचा वास सुटतो, प्लग ओला होतो. तसं झालं तर चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किक मारत राहा. जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. तरीही नाही, तर प्लग काढून पुसा, वाळवा.

चोक ओढूनही काही फरकच पडत नसेल, तर चोकची झडप खरंच हलते का, हे एअर फिल्टरची नळी काढून डोळ्यांनी पाहा. झडप हलते, ठिणगी आहे, प्लग कोरडाच राहतो, तर पायलट जेट बुजली आहे. स्लो जेट म्हणतात तीच. तिचं भोक सुईपेक्षा बारीक असतं. ते तारेनं कोरू नका, कोरलं की मोठं होतं आणि मायलेज कायमचं जातं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरायला सांगा.

सकाळी ठीक, पण मायलेज घटलंय, प्लग काजळीनं काळा होतोय, पीयूसीत गाडी अडकतेय? चोक अर्धवट उघडा राहतोय का बघा. ऑटो-चोकच्या गाडीत तर हाच पहिला संशय.

ऑटो-चोक किंवा हीटर असेल, तर अशी तपासणी

मल्टीमीटर असलेला कोणताही वायरमन हे करू शकतो.

- आधी फ्यूज, मग जोडणीची पिन. पिनेवर हिरवट गंज चढलेला असतो. निम्मे ‘गेलेले’ हीटर तिथेच सापडतात.
- हीटर जोडणीतून सोडवून त्याचा रोध मोजा. काटा हललाच नाही, तर आतली तार तुटली. शून्य आला, तर तो शॉर्ट आहे. चांगल्या हीटरचा आकडा काही ओहम येतो. ३० वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर अडीच अँपिअर ओढेल, म्हणजे रोध पाच ओहमच्या आसपास.
- ऑटो-चोकची डबी बाहेर काढून १२ व्होल्टला जोडा. काही मिनिटांत ती कोमट होऊन पिन पुढे सरकली पाहिजे. डबी तापते पण पिन जागची हलत नाही, तर मेणाचा भाग गेला. डबीच बदलावी लागते.
- खऱ्या हीटरला बहुधा थर्मोस्विच असतो. तो फक्त थंडीत वीज सोडतो. भर दुपारी बाराला तपासलं तर हीटरपर्यंत वीज येणारच नाही, आणि धडधाकट वस्तू भंगारात जाईल. तपासणी पहाटे करा, किंवा स्विच काढून बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहा.

खरा हीटर बिघडलाच असेल, तर माझं स्पष्ट मत : पाटोद्यात तो बदलू नका. महिना-महिना वाट पाहून महागडा भाग मागवण्याइतका आपला हिवाळा कडक नाही. तारा सोडवून टोकांना इन्सुलेशन टेप लावा, कारण शॉर्ट झालेला हीटर फ्यूज उडवतो आणि त्याच फ्यूजवरचं बाकीचंही बंद पडतं. पण हीटर उपसून काढू नका. तो ज्या भोकात बसलाय ते उघडं पडलं तर गळती सुरू होईल. ऑटो-चोकला मात्र ही सूट नाही. तो सोडवून ठेवला, तर चोक कायम उघडाच राहील आणि गाडी पेट्रोल पीत सुटेल.

आणि हौसेनं बाहेरून हीटर बसवून घेण्याचा विचार असेल, तर हा हिशेब बघा. किकवरच्या शंभर सीसी गाडीची बॅटरी साधारण अडीच अँपिअर-अवरची. ३० वॅटचा हीटर ती कागदावर तासाभरात संपवतो, प्रत्यक्षात त्याहून लवकर. त्यात पेट्रोलच्या नळीशेजारून जाणारी जुगाडाची तार. नकोच.

पेट्रोलमधलं पाणी, आणि इथेनॉल

थंडीच्या नावावर खपणारा आणखी एक दोष पाण्याचा. बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी थेंब फिरताना दिसले किंवा दोन थर पडले, तर पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. (पाटोद्याचे ऊसतोड मजूर साखर कारखान्यांसाठी जो ऊस तोडतात, त्यातला काही वाटा असा इथल्याच टाक्यांत परत येतो.) इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. कॉक तळालाच असतो, त्यामुळे पहिल्या किकेला तेच इंजिनात जातं. वरून नवं पेट्रोल ओतून हे सुधारत नाही. टाकी रिकामी करावी लागते.

जुन्या गाड्यांच्या रबरी भागांवरही इथेनॉलचा परिणाम होतो. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हा पेट्रोलची नळी, बाऊलचं पॅकिंग आणि फ्लोटच्या पिनेचं टोक वर्षातून एकदा पाहून घ्या. कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या जोडाचं रबर चिरलं, तर बाहेरची हवा आत शिरते आणि गाडी थंडीत आयडलिंगला टिकत नाही. गाडी चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडा. आवाज बदलला, की चीर तिथेच. या तपासणीला पेट्रोल कधीही वापरू नका.

पाणी पंपावरूनच आलं असा संशय असेल, तर त्याच दिवशी, बिल घेऊन जा. पंपावर तुम्ही हे मागू शकता :

- फिल्टर पेपरची चाचणी. पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला पाहिजे. ही चाचणी भेसळीसाठी, पाण्यासाठी नाही.
- घनतेची तपासणी आणि पंपाच्या नोंदीतल्या आकड्याशी तुलना.
- माप कमी वाटलं, तर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेल्या पाच लिटरच्या मापानं मोजून दाखवणं.
- तक्रार पुस्तक.

ऊसतोडीला जाताना गाडी घरी ठेवताय?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यावर गेलेलं कुटुंब पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततं. इतके महिने बाऊलमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला चिकट थर पायलट जेटमध्ये बसतो. आल्यावर गाडी सुरू होत नाही आणि हातात उचलीतून उरलेले पैसे असतात. अशा वेळी ‘नवा कार्बोरेटर’ सहज गळ्यात पडतो. जाण्याच्या दिवशी एवढं करा : कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रूनं बाऊल रिकामा करा. टाकीही रिकामी करून, थोडं इंजिन ऑइल टाकून गाडी डोलवून घ्या, म्हणजे आत गंज धरणार नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. परतल्यावर ताजं पेट्रोल भरून सुरू करा.

गॅरेजात काय विचाराल

‘कार्बोरेटर बदला’ असं ऐकलं, की विचारा : त्यातलं नेमकं काय गेलंय? जेट, पिन, पॅकिंग, फ्लोट हे सगळं किटमध्ये मिळतं, आणि किट व पूर्ण कार्बोरेटर यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. पूर्ण कार्बोरेटर बदलण्याची वेळ खरोखर तेव्हाच येते, जेव्हा त्याचं अंग चिरलेलं असतं, आटे गेलेले असतात किंवा स्लाइड झिजून खुळखुळते. ते तुमच्यासमोर दाखवता येतं, मागा. सुटा भाग बीड, जामखेडहून मागवणार असतील, तर कंपनीचं सीलबंद पाकीट आणि त्यावरची छापील किंमत पाहूनच पैसे द्या. काढलेला जुना भाग तुमचा आहे. तो परत घ्या.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल, तर मोठ्या खर्चाआधी आरसीवरची मुदत बघा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, त्याला पर्यावरण कर लागतो आणि उशीर झाला तर दंड महिन्यांच्या हिशेबानं वाढतो. एमएच-२३ च्या गाडीसाठी हे काम बीडच्या परिवहन कार्यालयाचं. तो खर्च आणि दुरुस्तीचा खर्च मिळून गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जात असेल, तर विकून मोकळं होणं बरं.

पैसे गेले, काम झालं नाही

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच मोडतं. त्यामुळे बिलावर गाडीचा नंबर, बदललेल्या भागाचं नाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. ‘कच्ची चिठ्ठी चालेल ना?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

पायऱ्या अशा :

- आधी गॅरेजला लेखी कळवा. व्हॉट्सॲपवर फोटोसह पाठवलं तरी नोंद राहते.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.
- तरीही दाद मिळाली नाही, तर बीडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. दुकान जामखेडचं असो वा पुण्याचं, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरूनही दाखल होते.

मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.